अनुभव धागा: काल चालणारे, आज खटकणारे वंशवाचक शब्द

माणसाला त्याच्या वंशावरून, वर्णावरून किंवा चेहरेपट्टीवरून संबोधणारे कितीतरी शब्द एकेकाळी सरकारी कागदांवर, वर्तमानपत्रांत, दुकानांच्या पाट्यांवर बिनदिक्कत असायचे. काही कायद्याने गेले, काही लोकलाजेने, काही अजून ठाण मांडून आहेत. तुमच्या डोळ्यांदेखत काय बदललं, काय नाही, ते लिहा. जातिवाचक वस्त्यांच्या नावांसाठी वेगळा धागा काढू, तो विषय इथे मावणार नाही. शब्दांना फुल्या मारू नका, कशाबद्दल बोलतोय ते कळायला हवं. फक्त ते एकमेकांवर वापरू नका.

खोडरबर

प्रकाशन व्यवसायात मुद्रितशोधक म्हणून आयुष्य गेलं. 'निग्रो' हा शब्द मराठीत शिवी म्हणून आलाच नव्हता, उलट आदराने यायचा. 'थोर निग्रो नेते' असं मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबद्दल छापलेलं मी कितीदा तपासलं असेल. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्या इंग्रजी अर्पणपत्रिकेत हाच शब्द आहे. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं, त्यातही आहे. आणि खुद्द दु बॉइस यांनी 1928 साली या शब्दाची बाजू घेतली होती.

मग पुनर्मुद्रणाच्या वेळी करायचं काय? आमच्याकडे एक लेखक हटून बसले होते. म्हणे, "अमेरिकेच्या जनगणनेत चालतो, तुमच्या पुस्तकात का चालत नाही?" तेव्हा त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, 2010च्या अर्जावर तो शब्द खरंच होता. 2013 मध्ये जनगणना कार्यालयाने तो काढत असल्याचं जाहीर केलं, आणि 2016 साली ओबामांच्या सहीने संघराज्याच्या कायद्यांतून 'निग्रो' आणि आशियाई लोकांसाठीचा 'ओरिएंटल' दोन्ही वगळले गेले. मी ते कात्रण त्यांना टपालाने पाठवलं. उत्तर आलं नाही, पण पुढच्या हस्तलिखितात 'कृष्णवर्णीय' होतं.

माझी पद्धत सांगतो. जुन्या माणसाचं लेखन असेल तर अक्षरालाही हात लावायचा नाही. फुल्यांचा शब्द सुधारणारे आपण कोण? संपादकाची प्रस्तावना, तळटीप, मलपृष्ठ मात्र आजच्या भाषेत. आफ्रिकी वंशाच्या माणसांसाठीच्या 'हबशी'चंही तेच. मलिक अंबरच्या काळातल्या कागदात तो राहणार, पण आज जंजिऱ्याबद्दल लिहिताना 'सिद्दी' म्हणायला काय जातं?

समुद्रापारची लेक

मी मॉरिशसची मराठी. घरात क्रिओल ही बेटाची बोली, मराठी शाळेत शिकले, तेव्हा चुका पोटात घाला.

आमच्याकडचा शब्द 'कुली'. ऊसमळ्यांवर राबायला 1834 पासून भारतातून करारावर माणसं आणली, त्यांत कोकणातलेही होते. भारतात कुली म्हणजे ओझं वाहणारा. बेटावर मात्र तो अख्ख्या वंशाचा शिक्का झाला. शिकलेला असो, दुकानदार असो, गोऱ्याच्या तोंडी तो कुलीच. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना 'कुली बॅरिस्टर' म्हणत, ते याच अर्थाने. आजी सांगायची, मळ्यावरचा सरदार, म्हणजे मुकादम, नाव घेऊन हाक मारायचा तो दिवस बरा गेला असं समजायचं.

पोर्ट लुईला ही माणसं जिथे उतरली त्या जागेला लोक 'कुली घाट' म्हणत. 1980च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते नाव जाऊन 'आप्रवासी घाट' रूढ झालं. 2006 मध्ये जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, आणि 2 नोव्हेंबरला आम्हाला सुट्टी असते. बदलाच्या वेळी घरात वाद झाला होता. बाबा म्हणाले, बरं झालं. काकांचं म्हणणं, नाव पुसलं की अपमानाचा पुरावाही पुसला जातो. बेटावरचे काही लेखक तर हा शब्द आता मुद्दाम अभिमानाने वापरतात. मला दोघांचंही पटतं आणि मुलांसमोर मात्र तो तोंडातून निघत नाही.

मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या नोंदवह्या आहेत. आम्ही खापरपणजोबांचा उतारा काढला. क्रमांक, वय, उंची, अंगावरची खूण, जहाजाचं नाव. बापाचं नाव इतकं मोडून लिहिलंय की घरात त्याचे तीन उच्चार चालू आहेत.

कल्याण जंक्शन

वरचं वाचून हललो. पण आमच्या स्टेशनावर कुली म्हणजे लाल डगला आणि दंडावर पितळी बिल्ला, त्यात वंश कुठून आला? 2016च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी कुलींना 'सहायक' म्हणायचं जाहीर केलं. ओळखीच्या एका हमालकाकांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब म्हटलं तरी बॅग तेवढीच जड. चाकाच्या बॅगा आल्या तेव्हा कोणी विचारलं नाही." नामांतराचा मला तरी फारसा उपयोग दिसला नाही. कोणी 'सहायक' अशी हाक मारल्याचं अजून कानावर आलेलं नाही.

मिडलँड्सची मावशी

इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात नर्स म्हणून आले. कोपऱ्यावरच्या दुकानाला 'पाकी शॉप' म्हणणं म्हणजे अगदी दुधाची पिशवी आणायला सांगण्याइतकं सहज. वॉर्डात एका रुग्णाने "ही पाकी मला नको" म्हटलं. सिस्टरने त्याला काही न बोलता माझी खाट बदलली, म्हणजे मला दुसऱ्या खाटांवर पाठवलं. तेव्हा तो शहाणपणा समजला जाई. आपल्या मंडळींचं उत्तर तर ठरलेलं, "आम्ही पाकिस्तानी नाही, इंडियन." म्हणजे शिवीला हरकत नाही, पत्ता चुकला एवढीच तक्रार!

एप्रिल 2020 पासून इथल्या सरकारी आरोग्यसेवेत कर्मचाऱ्यांना वंशावरून बोलणाऱ्या रुग्णाला तातडीची नसलेली सेवा नाकारता येते. माझी भाची त्याच पेशात आहे, तिच्या वॉर्डाच्या दारावर पाटीच लावली आहे. तरी सगळं सुधारलं असं नाही. पाकिस्तानात जन्मलेल्या क्रिकेटपटू अझीम रफिकने यॉर्कशायर क्लबातल्या वंशद्वेषाबद्दल सांगितलं, तेव्हा 2021 मध्ये निघालेली 'हा शब्द म्हणजे मित्रांमधली थट्टा' ही पळवाट मला फार ओळखीची वाटली.

गल्ली ते वानखेडे

क्रिकेट निघालंच आहे तर. ऑक्टोबर 2007, वानखेडेवर भारत-ऑस्ट्रेलिया. त्यांचा कृष्णवर्णीय खेळाडू सायमंड्स फलंदाजीला आला आणि आमच्या स्टँडमधून माकडाचे आवाज सुरू. बाजूचे काका नातवाला घेऊन आले होते, तेही हसत होते. पोलिसांनी काही जणांना बाहेर काढलं, तर लोक पोलिसांवरच चिडले. जानेवारी 2021 मध्ये सिडनीला सिराजने प्रेक्षकांच्या वंशद्वेषी शेऱ्यांबद्दल तक्रार केली, तेव्हा तेच लोक व्हॉट्सॲपवर संतापाचे मेसेज फिरवत होते. मधल्या 2020 साली वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीने आयपीएलमध्ये आपल्याला 'कालू' म्हणायचे याची जाहीर वाच्यता केली. "अरे, प्रेमाने म्हणतात" असं उत्तर ज्यांनी दिलं, त्यांनी सिडनीच्या वेळी हे वाक्य वापरलं नाही.

दिमापूर ते दापोडी

मी नागा. वडिलांच्या नोकरीमुळे मराठी शाळेत वाढलो, त्यामुळे मला उद्देशून काय बोललं जातं ते सगळं समजतं. हा फायदा नाही.

शाळेत 'चिंकी' हे माझं जवळजवळ हजेरीपटावरचं नाव होतं. 2012 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं की ईशान्येच्या अनुसूचित जमातींच्या माणसांना असं हिणवलं तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवा, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 2014 मध्ये दिल्लीत लाजपत नगरला अरुणाचलचा विद्यार्थी नीडो तानियाम मारहाणीनंतर गेला, मग ईशान्येच्या लोकांच्या अडचणी पाहायला बेझबरुआ समिती आली. त्यानंतर पुण्यात कॉलेजच्या पोरांच्या तोंडून तो शब्द कमी झाला, हे मी स्वतः पाहिलंय. मार्च 2020 मध्ये मात्र एका रात्रीत 'कोरोना' हे नवं नाव मिळालं. हल्ली बसमध्ये मुली विचारतात, "तू कोरियन आहेस का?" मालिकांची कृपा. राग येत नाही, पण नागालँड नकाशात अजून सापडलेलं नाही.

शेवंती

@दिमापूर ते दापोडी, आमच्या धाकटीचं लाडाचं नाव चिंकी आहे हो. आता काय करू?

दिमापूर ते दापोडी

@शेवंती, खुशाल ठेवा. लेकीला लाडाने हाक मारणं आणि रिक्षातून ओरडणं यातला फरक मला कळतो.

खरी अडचण घर शोधताना. एजंट फोनवर अतिशय नीट बोलतो, 'नॉर्थ-ईस्टचे आहात ना सर' म्हणतो. मागच्या महिन्यात औंधला एक फ्लॅट पाहिला. मालकीणबाईंनी चहा दिला, माझ्या मराठीचं कौतुक केलं, आणि डिपॉझिट दोन महिन्यांचं जास्त सांगितलं. शेजारच्या सोलापूरच्या मुलाला तोच फ्लॅट नेहमीच्या डिपॉझिटवर मिळाला. मी सध्या दापोडीतच आहे. कोणाच्या माहितीत वन बीएचके असेल तर व्यक्तिगत निरोप करा, मांसाहारी स्वयंपाक होतो हे आधीच सांगून ठेवतो.