स्लाइड शो ६१ टक्क्यांवर अडकतोय!

प्रेषक: ताई (सांस्कृतिक समिती)
मंगळवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या पंचवीस वर्षांचा स्लाइड शो करायचं काम मी बैठकीत हौसेनं अंगावर घेतलं आणि आता हात दाखवून अवलक्षण झालंय. फोटो २४०, गाणी पाच, प्रत्येक फोटो सहा सेकंद. सॉफ्टवेअर जुनंच आहे, खोक्यातून सीडीवर मिळायचं त्या काळातलं, पण पूर्वी दोनदा त्यावर काम झालंय. या वेळी 'डीव्हीडी तयार करा' दाबलं की निळी पट्टी ६१ टक्क्यांपर्यंत जाते आणि 'अनपेक्षित त्रुटी' एवढंच सांगून सगळं बंद पडतं. चार कोऱ्या डिस्क वाया गेल्या.

दुसरी तक्रार. फोटोंवरच्या मराठी पाट्या बघवत नाहीत. 'समिती' लिहिलं तर पहिली वेलांटी 'म'ला सोडून 'त'च्या गळ्यात पडते, म्हणजे एकट्या 'त'ला दोन वेलांट्या. 'वर्षे'मधला रफार डोक्यावर न बसता पाय मोडलेला 'र्' होऊन शेजारी उभा राहतो. अध्यक्षांचं नाव तर मी सांगतच नाही.

शनिवारी कार्यक्रम आहे. कुणाला काही कळतंय का?

ताई

---

प्रेषक: भाऊ
बुधवार, सकाळी ७:१५

ताई, ते सॉफ्टवेअर सोडून द्या. विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये डीव्हीडी मेकर आयताच मिळायचा, ८ पासून तोही काढून टाकला. आता डीव्हीडी-स्टायलर उतरवून घ्या. फुकट आहे, त्यात स्लाइड शोही करता येतो. माझ्या स्क्रीनचे फोटो जोडलेत, त्याप्रमाणे करत जा.

आणि फोटो लहान करा. मोबाइलचा फोटो ४०००×३००० असतो. फाइल चार-पाच एमबीची दिसली तरी उघडल्यावर मेमरीत ३६ एमबी जागा खातो. जुन्या ३२ बिटी प्रोग्रॅमला विंडोज एरवी २ जीबीच वापरू देतं. असे पन्नास-पंचावन्न फोटो एका वेळी उघडून बसला की संपलं. डीव्हीडीचं चित्र पॅल या भारतातल्या टीव्ही पद्धतीत ७२०×५७६, अमेरिकेतल्या एनटीएससीत ७२०×४८०. चार लाख ठिपक्यांच्या चित्रासाठी सव्वा कोट ठिपके कशाला? रुंदी १९२० करा, झूम करायलाही पुरते.

---

प्रेषक: यादी व्यवस्थापक
बुधवार, सकाळी ७:२२

भाऊंच्या मेलला १४ एमबीची जोडपत्रं होती, ती काढून टाकली आहेत. कृपया सगळ्या यादीला चित्रं पाठवू नयेत. हे मी दिवाळी अंकाच्या वेळीही लिहिलं होतं.

---

प्रेषक: अण्णा
बुधवार, सकाळी ९:०५

चि. ताई,

कार्यक्रमाला तीन दिवस असताना सॉफ्टवेअर बदलू नकोस. भाऊचं फोटो लहान करण्याचं मात्र ऐक.

पहिली गोष्ट, त्या चार डिस्क कचऱ्यात टाकल्या असशील तर काढ बाहेर. ही सॉफ्टवेअर आधी सगळा व्हिडिओ हार्ड डिस्कवर तयार करतात आणि मग लेझर पेटवतात. पट्टी ६१ वर मेली म्हणजे डिस्कला हातही लागला नसणार. खालची बाजू उजेडात तिरपी धरून बघ. लिहिलेला भाग आतून बाहेर वेगळ्या छटेच्या कड्यासारखा दिसतो. कडं नसेल तर डिस्क कोरी आहे.

दुसरी गोष्ट, दर वेळी नेमकं ६१ वरच थांबतं का? आकडा बदलत असेल, आज ६१, उद्या ४०, तर मेमरी किंवा डिस्कवरची जागा संपतेय. आकडा तोच असेल तर तिथला कुठलातरी एक फोटो खराब आहे. २४० चे ६१ टक्के म्हणजे १४६. पट्टी काही काटेकोर नसते, तेव्हा १३० ते १६५ असा पट्टा धर.

आता तो एक शोधायचा कसा? एकेक करून नको. प्रकल्पाची प्रत काढ, तिच्यात तो पट्टाच ठेव आणि चालव. अडकलं की पट्ट्याचे दोन भाग कर, फक्त पहिला अर्धा चालव. अडकला तर दोषी त्यात, नाही तर दुसऱ्यात. पुन्हा अर्धे कर. छत्तीस फोटोंत पाच-सहा वेळा हे केलंस की चोर हातात येतो. आणि हे सगळं डिस्कवर नाही, 'फोल्डरमध्ये साठवा' हा पर्याय असेल त्यानं कर.

पाट्यांचं संध्याकाळी लिहितो.

अण्णा

---

प्रेषक: ताई
गुरुवार, रात्री १२:५०

अण्णा, सापडला! १५१ नंबर. दहाव्या वर्षाच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ. दर वेळी ६१ वरच अडकत होतं. गंमत म्हणजे तो फोटो संगणकावर एकदम छान उघडतो, म्हणून माझा त्याच्यावर संशयच आला नसता. डिस्क चारही कोऱ्या निघाल्या, हे वेगळं सांगायला नको.

पण आनंद अर्धा तासच टिकला. १५१ काढून टाकल्यावर पट्टी १०० पर्यंत गेली, मग 'डीव्हीडी फोल्डर तयार करत आहे' असं आलं आणि पुन्हा तीच अनपेक्षित त्रुटी. आता मला ती अनपेक्षित वाटेनाशी झालीय.

---

प्रेषक: भाऊ
गुरुवार, सकाळी ६:५८

१५१ छापखान्याकडून आलेला असणार. छपाईसाठी चार शाईंच्या सीएमवायके पद्धतीत जेपीजी साठवतात. नवे प्रोग्रॅम तो मुकाट्यानं दाखवतात, जुन्यांना तीनच रंग मोजता येतात, चौथा दिसला की कोसळतात. कुठल्याही चित्र-संपादकात उघडून आरजीबी, म्हणजे तीन रंगांचा, करून साठवा आणि खुशाल परत घाला. आयफोनवरून कुणी फोटो पाठवले असतील तर एचईआयसी नाहीत ना बघा. २०१७ पासून तो प्रकार आलाय, जुनं सॉफ्टवेअर ती फाइल उघडणारच नाही.

दुसऱ्या त्रुटीसाठी एक विचारतो, हसू नका. संगणकावर तुमच्या खात्याचं नाव काय आहे?

---

प्रेषक: ताई
गुरुवार, सकाळी ७:१०

'ताई'. मराठीतच. मोठ्या अभिमानानं टाकलं होतं. का रे?

---

प्रेषक: भाऊ
गुरुवार, सकाळी ७:३१

तेच! विंडोज तात्पुरत्या फाइली तुमच्या नावाच्या फोल्डरच्या आत ठेवतं. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक संकेतांच्या, आधीच्या वळणाच्या प्रोग्रॅमला 'ताई' वाचता येत नाही, त्याला तिथे तीन प्रश्नचिन्हं दिसतात. तो 'प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह' नावाचं फोल्डर शोधत बसतो, आणि विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. मिळणार कुठून?

सेटिंग्जमध्ये तात्पुरत्या फाइलींची जागा बदलायची सोय असेल तर सी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत साध्या नावाचं फोल्डर करून ते दाखवा, वर दहा-पंधरा जीबी रिकामे ठेवा. सोय नसेल तर इंग्रजी नावाचं नवं खातं उघडा. नुसतं खात्याचं नाव बदलून उपयोग नाही, आतल्या फोल्डरचं नाव जुनंच राहतं.

फोटोंची नावंही 'गणपती शेवटचा दिवस' अशी असतील तर ००१, ००२ अशी करा. पुढची शून्यं विसरू नका, नाहीतर १ नंतर १० आणि १०० येतात आणि पहिल्या वर्षात दहावं वर्ष घुसतं.

---

प्रेषक: वहिनी
गुरुवार, दुपारी १:२०

अगं ताई, एक प्रत भारतात आमच्या सासऱ्यांना पाठवायची आहे. मागे आमच्या ह्यांनी केलेली डिस्क तिकडच्या प्लेअरवर लागलीच नव्हती. रीजन कोड असतो ना काहीतरी? अमेरिका १, भारत ५? तो बदलून देशील का?

---

प्रेषक: अण्णा
गुरुवार, सायंकाळी ६:४०

वहिनी, रीजन कोड विकतच्या सिनेमाच्या डिस्कला असतो, घरी केलेल्या डिस्कला एरवी नसतोच. तुम्ही म्हणताय तो पॅल-एनटीएससीचा घोळ. भारत पॅल, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका-कॅनडा एनटीएससी, २९.९७. भारतातले बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात. उलट्या बाजूनं, एनटीएससीच्या देशात पॅल डिस्क लावताना जास्त रडारड होते. म्हणून तुमची डिस्क त्यामुळे अडली नसावी. ती संगणकात घालून बघा. आत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसतं का, की नुसती एक व्हिडिओ फाइल? नुसती फाइल असेल तर ह्यांनी डेटा डिस्क केली, ती साध्या प्लेअरला कळत नाही. ह्यांना माझं नाव सांगू नका.

ताई, आता पाट्या. तुझं सॉफ्टवेअर मराठी अक्षरं टाइप केल्या क्रमानं नुसती ओळीत मांडतं. 'मि'मधली वेलांटी टाइप होते 'म'नंतर पण दिसायला हवी आधी, ही उलटापालट त्याला येत नाही. फाँट बदलत बसू नकोस, दुखणं फाँटचं नाहीच. पाटी सादरीकरणाच्या स्लाइडवर लिही, स्लाइड चित्र म्हणून साठव आणि ते चित्र फोटोसारखं घाल. अक्षरं मग कुणाला हलवता येत नाहीत.

आणि बारीक, नाजूक फाँट मुळीच घेऊ नकोस. डीव्हीडीचं चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी एक-तीन-पाच या ओळी, मग दोन-चार-सहा. शिरोरेषा एकाच ओळीएवढी बारीक असेल तर ती एका हप्त्यात असते, पुढच्यात नसते. लॅपटॉपवर काही कळत नाही, पण जुन्या टीव्हीवर सगळी ओळ थरथरत राहते. इंग्रजी अक्षरांचं निभावून जातं, आपली मात्र सगळी भाषा त्या रेषेला टांगलेली आहे. ठळक फाँट घे, शिरोरेषा निदान तीन-चार ओळी जाड होईल एवढा मोठा. पांढराशुभ्र रंग नको, किंचित मळका. पाटीवर झूम नको. चारी बाजूंनी दहा टक्के जागा सोड, जुने टीव्ही कडा खातात. हॉलमधला टीव्ही तसलाच आहे, मी बघून आलोय.

---

प्रेषक: ताई
शुक्रवार, सकाळी १०:१५

मंडळी, झालं! 'ताई' सोडून नवं खातं उघडलं, पट्टी १०० वर गेली आणि फोल्डर तयार. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरवर लावून पाहिलं. 'समिती'तल्या दोघांना आपापली वेलांटी परत मिळाली. गाणी १४ सेकंद आधी संपत होती, म्हणून शेवटच्या सामूहिक फोटोचा वेळ कमी करून पाहिला, पण मग त्यातले चेहरे ओळखता येईनात. शेवटी मधले चार कंटाळवाणे सत्कार काढले. कुणाचे ते विचारू नका.

आता डिस्क लिहिते. अण्णा, काही सूचना?

---

प्रेषक: अण्णा
शुक्रवार, सकाळी १०:४०

आधी आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली प्रत) करून ठेव, म्हणजे पुढच्या प्रतींसाठी सगळं पुन्हा शिजवायला नको. इमेजबर्न या डिस्क लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये होतं. डिस्कवर १६ एक्स लिहिलं असलं तरी वेग ८ ठेव आणि लिहून झाल्यावर 'व्हेरिफाय' करू दे. पहिली प्रत हॉलमधल्याच प्लेअरवर शेवटपर्यंत बघ, नुसती सुरुवात बघून उठू नकोस. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, खराबी बहुतेक बाहेरच्या कडेला, म्हणजे शेवटाकडे निघते. तुझा शो २४ मिनिटांचाच, अर्धीही डिस्क भरणार नाही, तेव्हा फार काळजी नाही.

नाव मऊ टोकाच्या मार्करनं लिही. कागदी लेबल चिकटवू नकोस. ते जरा जरी वाकडं बसलं तरी डिस्क फिरताना डुगडुगते, आणि गरम झालं की कडा सुटतात.

---

प्रेषक: ताई
शुक्रवार, रात्री ९:५५

अण्णा, तुमचा मेल आत्ता वाचला. बारा डिस्क झाल्या. बाराही डिस्कवर लेबलं चिकटवून झाली आहेत. रंगीत, मंडळाच्या बोधचिन्हाची, वहिनींनी घरी छापलेली. पाचवी हॉलवर घरघर करतेय. काढू का हळूच?

---

प्रेषक: अण्णा
शुक्रवार, रात्री १०:०२

मुळीच काढू नकोस, ओढाताणीत डिस्कच जाईल. आयएसओ ठेवली आहेस ना?

---

प्रेषक: ताई
शुक्रवार, रात्री १०:०४

ठेवली आहे. आणि त्या चार कोऱ्याही आहेत.