कुत्र्यांवरील गोचिडांसाठी वनस्पतिजन्य उपाय कितपत भरवशाचे?

प्रश्न: आमच्या कुत्र्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत वारंवार गोचीड सापडतात. रासायनिक औषधांऐवजी केवळ कडुनिंबाचे तेल वापरणे पुरेसे ठरेल का?

उत्तर १: कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन मुख्यतः गोचिडांच्या वाढीत आणि कात टाकण्यात अडथळा आणते; त्यामुळे रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी तेल लावताच मरेल, अशी अपेक्षा ठेवू नये. हीच मादी अंगावरून उतरून भिंतींच्या फटींत हजारो अंडी घालते, म्हणून फटी बुजवणे आणि अंथरूण गरम पाण्यात धुणे अत्यावश्यक आहे.

उत्तर २: शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रमच्या फुलांतून मिळणारी पायरेथ्रिन्स झटपट परिणाम करतात, परंतु उन्हात लवकर निष्प्रभ होतात, परमेथ्रिनसारखी टिकाऊ कृत्रिम रूपे त्यातूनच पुढे आली. वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हा समज मात्र कृपया सोडावा. शुद्ध टी ट्री तेलामुळे कुत्र्यांचा तोल जातो, अंग थरथरते आणि प्रकृती गंभीरही होऊ शकते.

उत्तर ३: वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. ताप, सुस्ती किंवा फिकट हिरड्या दिसल्यास एर्लिकिओसिस अथवा बबेसिओसिस या गोचिडांमुळे पसरणाऱ्या रक्ताच्या आजारांची शक्यता असते, तेव्हा तेलाच्या भरवशावर न राहता त्याच दिवशी पशुवैद्यकांकडून रक्ततपासणी करून घ्यावी.