सॅन स्टॉर्मचं इंजिन वाजतंय. बजेट ४० हजार. सल्ला द्या

रंकाळा_राउंड: सेकंडहँड सॅन स्टॉर्म (दोन सीटची उघड्या टपाची कार), गोवा पासिंग. इंजिन तापलं की खालून टकटक येते, रेस दिली की वाढते. आयडलला ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो. कागलला जाऊन येईपर्यंत आवाज दुप्पट झाला. ४० हजारांच्या वर जाणार नाही.

तांबडा_जादा: इकून टाक भावा. मी जिप्सीच्या इंजिनला ८० हजार घातले, आता मक्खन चालतीय.

रंकाळा_राउंड: बजेट ४० लिहिलंय.

जुनं_ते_सोनं: २०डब्ल्यू५० जाड ऑइल टाका, वर एक डबी अॅडिटिव्ह. माझ्या प्रीमियर ११८ एनई गाडीचा आवाज त्याच दिवशी बंद.

उद्यमनगरवाला: आवाज बंद झाला, आतलं घासलेलं बेरिंग तसंच राहिलं. त्यानंतर किती दिवस चालली?

जुनं_ते_सोनं: दोन महिने. पण तो विषय वेगळा.

उद्यमनगरवाला: राउंड, आधी चालवणं बंद कर. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचं बेरिंग गेलं की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, मग ४० हजारांत नटबोल्टपण यायचे न्हाईत. एकेका सिलिंडरची प्लग वायर काढून बघ. ज्याची काढल्यावर टकटक मऊ पडेल, बेरिंग त्याचंच. मग इंजिनखालचं ऑइलचं चेंबर खोल. क्रँकवर ओरखडे असतील तर ग्राइंडिंग आणि ०.२५ मिमी अंडरसाइज शेल, म्हणजे बेरिंगच्या वाट्या. ऑइल पंप बघितल्याशिवाय इंजिन बांधू देऊ नकोस.

सर्किट_कोल्हापूर: चालू इंजिनची वायर काढू नका, कॉइल जाते. इंजेक्शन असेल तर इंजेक्टरचं सॉकेट काढा.

तांबडा_जादा: पुण्याला ने सरळ.

उद्यमनगरवाला: कोल्हापुरात गावभर ऑइल इंजिनं बनवून देशाला पाठवली आणि क्रँक घासायला पुण्याला?

सर्किट_कोल्हापूर: क्रँक इथं होईल, शेलचं काय? इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी. तेच युरोपातल्या क्लिओ, ट्विंगो गाड्यांत होतं. तिकडून मागवा, कस्टम धरून हिशेब करा.

जुनं_ते_सोनं: अॅडिटिव्हची डबी मात्र नक्की टाका.

रंकाळा_राउंड: अपडेट. तीन नंबरचं बेरिंग. शेलचं तांबं दिसतंय, क्रँकवर नख अडकतंय. पण मडगावात ठोकलेली स्टॉर्म ५५ हजारांत मिळाली, टेम्पोत घालून आणली. तिचंच इंजिन बसवतो.

उद्यमनगरवाला: ५५?? बरं, ते इंजिन वाजत न्हाई न्हवं?

रंकाळा_राउंड: चालू करून बघता आलं नाही. बॅटरी नव्हती.