घरच्या सर्व्हरच्या कायम चालू भागात फिरती डिस्क नकोच

सोलापूरकर (धागाकर्ता)

सहा वर्षं जुन्या डेस्कटॉपलाच घरचा सर्व्हर केलं होतं, म्हणजे घरच्या फायली सांभाळून सगळ्यांना फोनवर पुरवणारं मशीन. आत साडेतीन इंची दोन हार्डडिस्क. घरातल्या सगळ्यांचे फोटो, आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट, जमिनीचे उतारे, सगळं त्यावर. या उन्हाळ्यात सॉकेटला वॅटमीटर लावलं तेव्हा कळलं, कुणी काही मागत नसतानाही मशीन ४८ वॅट खातंय. एक वॅट वर्षभर चालला की ८.७६ युनिट होतात. म्हणजे वर्षाला ४२० युनिट. युनिटला दहा रुपये धरा, चार हजार दोनशे झाले.

आता एन१०० या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचा मिनी पीसी घेतलाय, त्यात २ टीबीच्या दोन एसएसडी (फिरणारा भाग नसलेल्या, चिपवरच्या डिस्क), एकीची प्रत दुसरीवर. मीटर ८ वॅट दाखवतं. वर्षाला ७० युनिट.

माझं ठाम मत: जो भाग चोवीस तास चालू राहणार, त्यात फिरती डिस्क, म्हणजे हार्डडिस्क, ठेवू नये. नुसती फिरत असताना ती चार-पाच वॅटच घेते हे खरं, पण सुरू होताना काही सेकंद वीस वॅटच्या वर जाते. म्हणून पॉवर सप्लाय मोठा लागतो, आणि मोठा सप्लाय वीस-तीस वॅटच्या भारावर नीट काम करत नाही, बरीच वीज आतच उष्णता होऊन जाते. मग पंखा आला, पंख्याचा आवाज आला. डिस्क काढली की ही सगळी साखळीच गळून पडते. माझा मिनी पीसी १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, म्हणून राउटरसाठी मिळतो तसलाच, जरा जास्त क्षमतेचा छोटा यूपीएस त्याला पुरतो. दुपारी वीज गेली तरी सर्व्हर पडत नाही. बिलापेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं.

वॅटमोजणी

सहमत नाही. तुम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकीलाच दिलंत. ४० वॅट वाचले त्यातले बहुतेक जुना प्रोसेसर आणि जुना सप्लाय गेल्यामुळे वाचले. त्याच एन१००ला तुमच्या दोन हार्डडिस्क लावल्या असत्या तर मीटर १७च्या आसपास राहिलं असतं. डिस्कमुळे वाचले ९ वॅट, म्हणजे ७९ युनिट, म्हणजे वर्षाला आठशे रुपयेसुद्धा नाहीत. एसएसडीला प्रति टीबी कित्येक पट पैसे मोजायचे आणि ते आठशे-आठशे करून वसूल करायचे, हे गणित बसत नाही.

आणि वेग म्हणाल तर घरच्या गिगाबिट केबलमधून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं. तेवढं एक हार्डडिस्क एकटी पुरवते.

सोलापूरकर (धागाकर्ता)

एकच मोठी फाइल ओढायची असेल तर बरोबर. पण आई फोनवर २०१४ सालचा अल्बम उघडते तेव्हा हजारभर छोटी चित्रं एकदम मागितली जातात. हार्डडिस्कचं वाचणारं टोक दर वेळी जागा शोधत फिरतं, सेकंदाला शंभर-दीडशे जागा, त्यापलीकडे नाही. एसएसडी हजारोंनी शोधते. आधी आई पांढरे चौकोन बघत बसायची, आता बसत नाही.

आणि १७ हा आकडा कागदावरचा आहे. मिनी पीसीत साडेतीन इंची डिस्क बसतच नाही. बाहेर डॉक (डिस्क खोचायचा स्टँड) लावायचा तर त्याला स्वतःचा अडॅप्टर, आणि तो वेगळा खातो.

हिरवळ

दोघेही बिलाचाच हिशोब करताय. एसएसडी बनवताना किती ऊर्जा लागते ते कुणी धरलं नाही. स्वामित टन्नू आणि प्रशांत नायर या संशोधकांनी २०२२ साली अंदाज मांडला होता: एसएसडीच्या प्रत्येक जीबीमागे ०.१६ किलो कार्बन डायऑक्साइड, हार्डडिस्कच्या जीबीमागे ०.०२ किलो. ४ टीबीला ६४० किलो विरुद्ध ८० किलो, फरक ५६०. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो निघतो, म्हणजे वरचे ७९ युनिट वाचवून वर्षाला ५५ किलो. दहा वर्षांनी बरोबरी! तुमच्याकडे हार्डडिस्क आधीपासून होत्या, म्हणजे तेही नाही. कमी वीज लागते म्हणून पर्यावरणाचं भलं झालं असं कृपया कुणी म्हणू नये.

कंट्रोलपॅनेल

धागाकर्त्यांच्या बाजूने, पण एक सावधगिरी. नुसत्या एसएसडी घातल्या की वॅट उतरतील असं नाही. माझ्याकडे चार साटा (केबलने जोडायच्या) एसएसडी होत्या आणि मशीन २२ वॅटवर अडलेलं. दोषी निघालं साटा कार्ड, म्हणजे जास्तीच्या डिस्क जोडायचं कार्ड. जेएमबी५८५ चिपचं कार्ड प्रोसेसरला गाढ झोपेत जाऊच देत नव्हतं. एएसएम११६६चं कार्ड लावलं, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एएसपीएम ही कार्डाची जोडणी रिकामी असताना वीज वाचवणारी सोय चालू केली, १३वर आलं. पॉवरटॉप (वीज कुठे जाते ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून प्रोसेसर कुठल्या सी-स्टेटपर्यंत, म्हणजे किती गाढ झोपेपर्यंत, उतरतो ते आधी बघा, मग डिस्कवर पैसे घाला.

आणि डेटा सेंटरमधून निघालेल्या सेकंडहँड एनव्हीएमई (जास्त वेगाच्या एसएसडी) स्वस्त दिसल्या तरी नीट विचार करा. त्या रिकाम्या बसूनही पाच-पाच वॅट घेतात, हार्डडिस्कइतकेच.

विदर्भवासी

विरोधात. कारण वीज नाही, भरवसा. माझी एक एसएसडी तीन वर्षांत गेली. आदल्या रात्री ठीक, सकाळी बायोसमध्येही दिसेना. हार्डडिस्क मरताना बहुतेक वेळा कुरकुरते, खराब सेक्टर दाखवते, चार दिवस देते. शिवाय घरगुती एसएसडीत वीज अचानक गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करायला लागणारे कपॅसिटर नसतात. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट झपकते.

बॅकअपची एसएसडी कपाटात ठेवणाऱ्यांसाठी: जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेच्या मानकानुसार, लिखाणाची हमी (कंपनीने ठरवलेली एकूण लिहिण्याची मर्यादा) संपलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांना एक वर्ष डेटा सांभाळायचा असतो. तापमान वाढलं की मुदत घटते. मे महिन्यातलं आमचं बंद कपाट ३० अंशांचं नसतं.

कंट्रोलपॅनेल

ती अट हमी संपलेल्या एसएसडीची आहे, हे तुम्हीच लिहिलंत. सॅमसंग ८७० इव्होच्या १ टीबी मॉडेलला ६०० टीबी लिखाणाची हमी आहे. घरात रोज २० जीबी लिहिलं तरी ऐंशी वर्षं लागतील. नव्या एसएसडीला ते भय नको. झपक्याचा मुद्दा मात्र खरा, यूपीएसशिवाय चालवू नये.

वॅटमोजणी

यावर मधला मार्ग आहेच. ॲप आणि डेटाबेस एका छोट्या एसएसडीवर, फोटो हार्डडिस्कवर, आणि वीस मिनिटं कुणी हात लावला नाही की ती झोपवायची. झोपलेली डिस्क वॅटभरच घेते.

सोलापूरकर (धागाकर्ता)

हे मी वर्षभर केलंय. फोटोंचं ॲप रात्री नवे चेहरे शोधायला उठतं, फोन परस्पर सिंक होतात, डिस्क दिवसातून तीस वेळा जागी होते. दर वेळी आई आठ-दहा सेकंद ताटकळते.

हिरवळ यांचा हिशोब मला पटला आणि लागलाही. १६ टीबी एसएसडी घेणार असतो तर मी थांबलो असतो. पण आमचा सगळा पसारा १.३ टीबी आहे. कित्येक घरांत एवढाच असेल, बाकीचे टीबी एकाच व्हिडिओच्या चार-चार प्रतींचे. आधी त्या काढा.

जुन्या हार्डडिस्क मी विकलेल्या नाहीत. विदर्भवासींनी सांगितलेल्या कारणासाठीच त्यांच्यावर बॅकअप घेतो. काल डॉक लावून मोजलं: एक डिस्क फिरताना मीटरवर ८ वॅट वाढले, झोपल्यावरही ३ उरले. ते बहुतेक डॉक आणि त्याच्या अडॅप्टरचेच. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी लावतो, प्रत झाली की भिंतीवरचं बटणच बंद करतो.