थ्री-सिक्स्टीवर चढण्याआधी पाहुण्यांना काय सांगितलं होतंत? (अनुभव लिहा)

मोठ्या जावेच्या मुलाच्या लग्नात संगीताच्या रात्री ते फिरत्या कॅमेऱ्याचं प्रकरण, म्हणजे थ्री-सिक्स्टी बूथ, ठेवलं होतं. गोल चौथरा, त्यावर आपण उभं राहायचं, आणि लांब दांड्याला लावलेला फोन आपल्याभोवती प्रदक्षिणा घालतो. आमच्याकडच्या निम्म्या लोकांना वाटलं चौथराच फिरणार. सासरे काठी घट्ट धरून डोळे मिटून उभे राहिले आणि व्हिडिओत ते तसेच आहेत, संथ गतीत. चुलतसासूबाई कॅमेरा जाईल तिकडे वळत राहिल्या, पदर पायात आला, पुढचं सांगत नाही. आता फेब्रुवारीत लेकीचं लग्न आणि बूथ हवाच असा तिचा हट्ट. पाहुण्यांना आधी काय सांगावं, कोणी सांगावं? ज्यांच्याकडे हे झालंय किंवा जे हा धंदा करतात त्यांनी खरं खरं लिहा. जाहिरात आणि दर नकोत.

नाशिक, बूथ चालवणारा

ताई, ही माझी चौथी लग्नसराई. पाहुण्यांना मी दोनच गोष्टी सांगतो, तिसरी सांगितली की पहिली विसरतात. दांडा थांबून मी हात वर करेपर्यंत खाली पाय टाकायचा नाही. आणि बोलू नका, काहीतरी करा.

बोलू नका का, तर आम्ही सेकंदाला २४० फ्रेम घेतो आणि ३० च्या गतीने दाखवतो. एका सेकंदाचे आठ होतात. त्यात बोलणारा माणूस रवंथ केल्यासारखा दिसतो. आवाज तर आम्ही टाकूनच देतो, वर गाणं चढवतो. एका लग्नात वधूच्या मामांनी चांगली पाठ केलेली कविता म्हटली. दुसऱ्या दिवशी फोन, आमची कविता कुठंय? काय सांगणार. तेव्हापासून मी पार्टीला आधीच सांगतो, शुभेच्छा हव्या असतील तर डीजेपासून लांबच्या खोलीत एक खुर्ची, एक स्थिर फोन आणि कॉलरचा माइक ठेवा. ते काम वेगळं, हे वेगळं.

काय करायचं, तर जे हवेत तरंगतं ते. मोकळे केस, ओढणी, उपरणं, फुलांच्या पाकळ्या. अक्षता तर इतक्या सुंदर दिसतात की विचारू नका. हालचाल खरी वाटते त्याच्या दुप्पट जोरात करायची, संथ झाल्यावर ती बेताची दिसते.

दोन गोष्टी पाहुण्यांच्या नाहीत, यजमानांच्या आहेत. मंडपातल्या स्वस्त एलईडी माळांखाली बूथ लावू नका. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असले दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, २४० फ्रेमच्या कॅमेऱ्याला कळतं, सगळा व्हिडिओ लुकलुकतो. आणि चौथऱ्याभोवती दोरी बांधून घ्या. एकदा एक काका सेल्फी काढत उलटे चालत आत आले. खांद्याला दांडा लागला, काकांना काही झालं नाही, माझा दांड्यावरचा रिंगलाइट, म्हणजे गोल दिवा, मात्र गेला.

हो, आणि ८० सेंटीमीटरच्या चौथऱ्यावर तिघं मावतात असं सांगतात. नऊवारीत दोघीच.

डोंबिवली, करवली (सध्या निवृत्त)

आम्ही आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक सूचना टाकल्या. पदराला पिना लावा, टोकदार टाचा नकोत, पर्स खाली ठेवा. त्यावर अंगठे आले, वाचलं कोणीच नाही. हॉलच्या दारात फलक लावला, तोही इंग्रजीत, आमचंच शहाणपण.

चाललं ते वेगळंच. हळदीला बूथवाला जागा बघायला आला होता, तेव्हा मावशीचा १२ सेकंदांचा एक व्हिडिओ काढला. मावशीने त्यात हळदीची परडी उधळली होती. तो ग्रुपवर टाकला आणि संगीताला हॉलमधल्या टीव्हीवर फिरवत ठेवला. सगळ्या बायकांना कळलं काय करायचं ते, शिवाय मावशीपेक्षा आपला चांगला व्हायला हवा हेही. रांगेवर आतेभाऊ उभा केला होता. पर्स धर, चष्मा घाल किंवा काढ पण आत्ताच ठरव, मोबाईल कमरेला खोचलाय तो दे, एवढंच त्याचं काम. कॉलेजातलं पोर, त्याच्यावर कोणी चिडत नाही. तेच मी सांगितलं असतं तर दोन काकवा रुसल्या असत्या.

मेंदी ओली असताना कोणाला चढवू नका. अनुभवाचे बोल, पांढरा चौथरा होता.

कोल्हापूर

आमच्या थोरल्या चुलत्यास्नी सांगितलं, नाना, हलायचं, हात वर करायचा. नाना म्हणाले, हलल्यावर फोटो खराब होतोय न्हवं? खरंच हाय की. फोटोवाला जल्मभर हलू नका म्हणून वरडत आला, आता आम्ही एकदम नाचा म्हणतोय. मग भावानं डोकं चालवलं. फेटा बांधलेले चौघं उभे केले आणि म्हणाला, शेमला मागं झटका. नाचायचं न्हाई म्हटल्यावर सगळे तयार. लई भारी आलं. नाना अजून ते स्टेटसला ठेवत्यात.

फोंडा, गोवा

दुपारी एकला उघड्या लॉनवर लावला होता. फोन तापून बंद पडला, रांग उन्हात. संध्याकाळीच ठेवा. गवतावर चौथरा डुगडुगतो, खाली फळी घाला.

पुणे, आईचं सहस्रचंद्रदर्शन

आईला चढवायचं नाही असं आमचं ठरलं होतं, पण नातवंडांचं बघून तिलाच हौस आली. बूथवाला समजूतदार होता. मोठा चौथरा होता, त्यावर चाकं नसलेली खुर्ची ठेवली, मोटर बंद केली आणि दांडा हाताने, अर्धाच फेरा, सावकाश फिरवला. पणतीला तिच्या मांडीवर बसवलं. आम्ही आईला सांगितलं, कॅमेऱ्याकडे बघू नकोस, समोर मी उभी आहे, माझ्याकडे बघ. मला स्वतःला भोवळीचा त्रास आहे म्हणून हे सुचलं. तो दिवा डोळ्यांसमोरून पुन्हा पुन्हा गेला की चौथरा स्थिर असूनही आपणच फिरतोय असं वाटतं. नजर एका जागी ठेवली की बरं पडतं. तान्ही मुलं कडेवर घेऊन चढणाऱ्यांना मात्र सरळ नाही म्हणा.

शिक्षिका, नाव-गाव नको

थोडं वेगळं लिहिते. सहकारी मैत्रिणीच्या लग्नात आम्ही पाचसहा जणी बूथवर मनसोक्त नाचलो. व्हिडिओ पाठवायला नंबर घेतला, दिला. आठवड्याने नववीतल्या मुलाने तो मला दाखवला, बूथवाल्याच्या इन्स्टाग्रामवरून. विचारलं कोणी? क्यूआर कोडने जी लिंक उघडत होती तिच्यात सगळ्याच पाहुण्यांचे व्हिडिओ होते, ज्याच्याकडे कोड त्याला सगळं दिसणार. विनंती केल्यावर काढला, पण व्हायचं ते झालं होतं. पाहुण्यांना पदराचं सांगाल तेव्हा हेही सांगा की हे कुठे जाणार आहे. आणि बूथवाल्याकडून आधीच लिहून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: दिराचा मुलगा रांगेवर, टीव्हीवर नमुना, शुभेच्छांची खुर्ची वधूपक्षाच्या खोलीत, आणि इन्स्टाग्रामचं बूथवाल्याशी उद्याच बोलते. दोरी मांडववाला देतोय.

काल रात्री सासऱ्यांना जुना व्हिडिओ दाखवला आणि म्हटलं, बघा बाबा, चौथरा जागचा हलला नव्हता. त्यांनी दोनदा पाहिला. म्हणाले, "मग तुम्ही सगळे का फिरत होता?"