'हार्लेक्विन डक'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : या रंगीत समुद्री बदकाला नाव हवंय. 'विदूषक बदक' असं वाचलं, पण पटलं नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ते 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे सर्वांत कमी काळजीच्या गटात आहे. त्याला 'सुरक्षित' म्हटलं तर चालेल का?

– विदूषक नकोच. संस्कृत नाटकातला विदूषक म्हणजे राजाचा खादाड ब्राह्मण मित्र. हार्लेक्विन म्हणजे इटलीच्या लोकनाट्यातला आर्लेकिनो : कोलांट्या मारणारा चलाख नोकर, अंगात गोधडीसारखा रंगीत ठिगळांचा पोशाख. त्याला आपल्या तमाशातला सोंगाड्या जवळचा. शास्त्रीय नावातही लॅटिन 'हिस्ट्रिओ' आहे, म्हणजे नट. 'सोंगाड्या बदक' म्हणा की!

– पण सोंग एकट्या नराचं. निळसर करडं अंग, तांबूस कुशी, काळ्या काठाचे पांढरे पट्टे. मादी साधी तपकिरी, डोक्यावर पांढरे ठिपके, बस्स. आइसलँडमधल्या नावाचा अर्थ 'प्रवाहातलं बदक' असा आहे, तो दोघांनाही लागू पडतो. उन्हाळ्यात हे पक्षी खळाळत्या नद्यांत तळाशी बुड्या मारून किड्यांच्या अळ्या खातात, हिवाळ्यात खडकाळ किनाऱ्यावर लाटा फुटतात तिथे असतात. माझं मत 'धारबदक'ला. अर्थात आपण चोचीच्या रंगांवरून 'हळदीकुंकू बदक' म्हणतोच, तेव्हा रंगावरून नाव ठेवायला माझी ना नाही.

– नाव काहीही ठेवा, 'सुरक्षित' मात्र लिहू नका. तो शेरा जगभरच्या सगळ्या हार्लेक्विनांचा मिळून आहे. पूर्व कॅनडातले हेच पक्षी १९९० मध्ये संकटग्रस्त ठरले होते. शिकार थांबली, संख्या सावरली, तेव्हा २००१ मध्ये त्यांना दोन पायऱ्या खाली आणलं. तरी 'विशेष लक्ष हवं' हा शेरा राहिलाच. अलास्कात १९८९ साली एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं. ते किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांखाली वर्षानुवर्षं मुरून राहिलं. हे पक्षी दर हिवाळ्यात त्याच किनाऱ्यावर येणार आणि तिथलेच शिंपले-गोगलगायी खाणार! सावरायला वीसहून जास्त वर्षं गेली.

– मग 'किमान चिंता'?

– चालेल. फक्त पुढे 'जागतिक पातळीवर' हे शब्द जोडा, आणि पूर्व कॅनडाचं वाक्य वेगळं लिहा.