मदत हवी आहे: हरभरा वाचवायला सोयाबीन बदलावं का?

सांवेरवाली
नमस्कार मंडळी. राहायला इंदूरात, शेत सांवेरकडे. काळी जमीन, बटाईने दिलेली. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, सासऱ्यांपासून हाच फेरा. विहीर जानेवारीपर्यंत साथ देते, म्हणजे हरभऱ्याला फार तर दोन पाणी.

अडचण अशी की हरभरा दिसायला छान वाढतो, फुलंही भरपूर येतात, पण घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, धरत नाहीत. वरच्या फांद्यांवरचे तर निम्मे पोचट. सोयाबीन अजून जेएस ३३५ वाणाचं आहे, पंचाण्णव-शंभर दिवसांचं. मान्सून उशिरा स्थिरावला की पेरणी जुलैत जाते, परतीचा पाऊस ऑक्टोबरात रेंगाळतो, शेंगा उभ्या भिजतात. शेत मोकळं होऊन वाफसा (पेरणीजोगी ओल) येईपर्यंत दिवाळी उलटते. मग हरभऱ्याचे घाटे भरायचे दिवस नेमके उन्हात सापडतात. २०२३ आठवतंय ना? १९०१ पासून तोवरचा सर्वांत तापलेला फेब्रुवारी त्याच वर्षी आणि सर्वांत कोरडा ऑगस्टही त्याच वर्षी. दोन्ही पिकांना एकदम मार.

बटाईदार म्हणतो, "भाभीजी, डॉलर (म्हणजे काबुली हरभरा) लगाओ, मंडी में भाव देखो." भाव आहे, नाकारत नाही. पण मला वाटतं दुखणं हरभऱ्यात नसून त्याच्या आधीच्या पिकात आहे. लवकर येणारं सोयाबीन घेतलं तर उतारा किती मार खाईल? शिवाय फुलोऱ्याच्या आसपास हरभऱ्याची काही झाडं जागीच वाळतात. हा मर रोगच का?

देवासकर
वहिनी, दुखणं आधीच्या पिकात आहे हे बरोबर पकडलंत. आमच्याकडे जेएस २०-३४ घेतात, सत्त्याऐंशी दिवसांच्या आसपास निघतं. इंदूरच्याच सोयाबीन संशोधन संस्थेचं एनआरसी १५० साधारण ९१ दिवसांचं. जेएस ९५-६० त्याहून लवकर येतं, पण पिवळ्या मोझॅक रोगाला फार लवकर बळी पडतं, आम्ही त्याला रामराम केला. उतारा थोडा कमी बसतो हे खरं. मात्र लवकरचं वाण पिकलं की तसंच उभं ठेवू नका. पाऊस येवो न येवो, शेंगा तडकतात. मजूर आधी सांगून ठेवा.

डॉलर तुमच्या विहिरीवर नको. देशीपेक्षा जास्त दिवस खातो आणि शेवटचं पाणी मागतो तेव्हा तुमच्याकडे पाणीच नसतं. पेरणीला उशीर झालाच तर देशीतला जेजी १४ बघा, उष्णता सोसणारा म्हणूनच काढलेला वाण आहे तो.

काळी_माती
फुलं का गळतात त्याबद्दल. पारा पस्तिशीपार गेला की परागकण निकामी होतात, फूल दिसतं पण घाटा धरत नाही. पण उन्हाच्या माथी सगळं मारू नका. ऐन फुलोऱ्यात पाणी दिलं तरी झाड पाला वाढवतं आणि फुलं टाकतं. एक पाणी फुलं यायच्या आधी, दुसरं घाटे भरताना. ढगाळ हवेतही गळ होते, त्याला इलाज नाही.

वाळलेलं झाड उपटून बघा. खोड उभं चिरल्यावर आत काळपट तपकिरी रेषा दिसली तर मर. सहज उपटून आलं, तंतुमुळं झडलेली, सोटमूळ काडीसारखं कडकन मोडलं, तर कोरडी मूळकूज. ही दुसरी गरम, सुकलेल्या जमिनीत फोफावते, म्हणून उशिराच्या पेऱ्यात जास्त. मर-प्रतिकारक बियाणं आणलंत म्हणून ती थांबेल असं नाही. बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळा, आणि त्या तुकड्यात एखादं वर्ष गहू घ्या.

सांवेरवाली
दोघांचेही आभार. बटाईदाराला विचारलं. पाणी फुलोऱ्यातच सोडत होता, "तभी तो सूखा दिखता है" म्हणे! वाळलेली झाडं मोडताना कडकन आवाज करतात, म्हणजे मूळकूजच दिसतेय. यंदा अर्ध्या शेतात २०-३४ आणि अर्ध्यात ३३५ ठेवायचं ठरवतेय, म्हणजे त्याचीही समजूत पटेल. देवासकर, २०-३४चं बियाणं घरचं राखता की दरवर्षी नवीन आणता? आणि भिजलेल्या शेंगांचं बी उगवायला कितपत भरवशाचं? गोदामात तेच पडलंय.

देवासकर
भिजलेलं मुळीच पेरू नका, तेलाला काढा. घरचं राखतो, पण कोरडं काढलेलंच. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघायची, सत्तरच्या खाली आली तर बियाणं बदलायचं. पोती एकावर एक फार रचू नका, सोयाबीनचं टरफल नाजूक असतं.